अंग दुखतं, थकवा जात नाही, ध्यानात राहत नाही : आयुर्वेदातून काय घ्यायचं, कुठं थांबायचं



आज आपण तीन तक्रारींवर बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की या तक्रारी हमखास निघतात. "आंग लय दुखते वं." "जीवात जीवच नाही वाटत." "काय ठेवलं, कुठी ठेवलं, ध्यानातच राहत नाही." अमरावती असो की अकोला, दर्यापूरची बाई असो की बाळापूरची, शब्द थोडे इकडचे तिकडचे, गोष्ट तीच.

या तक्रारींवर आपल्या बाया खर्चही करतात. गटातून उचललेल्या कर्जाचं कारण 'दवाखाना' असं लिहिलेलं असतं. नीट विचारलं तर कळतं की पैसे दवाखान्यात गेलेच नाहीत. ते बाजारात गाडी लावून पुड्या विकणाऱ्याकडे गेले, कारण तो म्हणाला, 'ही आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही.' म्हणून आज आयुर्वेद खरंच काय सांगतो ते पाहू, आणि आयुर्वेदाच्या नावाखाली काय विकलं जातं तेही पाहू.

अंगदुखी : वात म्हणजे काय, आणि तो का वाढतो

आयुर्वेदात दुखण्याचा संबंध मुख्यतः वाताशी जोडलेला आहे. चरकसंहितेत वाताचे ८०, पित्ताचे ४० आणि कफाचे २० विकार मोजले आहेत. म्हणजे सगळ्यात मोठी यादी वाताचीच. पाय फुटणं, कंबर धरणं, मान आखडणं, अंग मोडून येणं, हे सगळं त्यात आहे.

वात वाढतो कशानं? अति श्रम, कोरडं आणि अपुरं खाणं, उपास, जागरण, चिंता आणि शरीराचे वेग अडवून धरणं, ही त्याची कारणं सांगितली आहेत. आता आपला दिवस आठवा. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, झाडझूड. चहा पिऊन शेतात. दिवसभर निंदण नाहीतर कापूस वेचणी. दुपारी शिदोरीतली भाकर, ठेचा. घरी आल्यावर पुन्हा चूल. नवरात्रात नऊ दिवस उपास, वर आठवड्याचे वेगळे. पुस्तकातली कारणांची यादी आणि आपली दिनचर्या शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसत नाही.

यातलं एक कारण आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर कोणी बोलत नाही. ते म्हणजे वेग अडवणं. चरकानं १३ वेग सांगितले आहेत जे अडवू नयेत. लघवी, शौच, भूक, तहान, झोप, अश्रू, श्रमानं लागलेली धाप, हे सगळे त्यात आहेत. शेतात आडोसा नसतो, म्हणून आपण सकाळपासून लघवी धरून ठेवतो. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. मग ओटीपोट दुखतं, कंबर दुखते, लघवीला जळजळ होते, डोकं जड होतं. यावर कोणतंही तेल चालणार नाही. इथं उपाय एकच, पाणी पिणं आणि वेळेवर जाणं. वेचणीच्या टोळीनं आपसात ठरवून घ्यावं की दर दोन तासांनी दोघी-दोघी जायचं, एकीनं पाठ करून उभं राहायचं. मजुरी ठरवतानाच शेतमालकाला आडोशाचं सांगावं. एकटीला सांगायला लाज वाटते, टोळीनं सांगितलं तर लाज वाटत नाही.

तेल आणि शेक

वातावर आयुर्वेदानं सगळ्यात आधी सांगितलं आहे ते तेल, म्हणजे अभ्यंग. वाग्भटानं 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोज अभ्यंग करावा, आणि डोकं, कान व तळपाय यांना तेल लावायला तर विशेष जपावं, असं सांगितलं आहे. आपण मात्र दिवाळीच्या एका पहाटे तेल लावतो आणि वर्षभराचं काम झालं असं समजतो.

रोज सगळ्या अंगाला तेल लावायला वेळ कुठला, हे आम्हालाही माहीत आहे. मग रात्री झोपताना दहा मिनिटं काढा. तिळाचं तेल चांगलं, नसेल तर घरात असेल ते. वाटीत घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. कंबर, गुडघे, पोटऱ्या आणि तळपाय यांना हलक्या हातानं लावा. घरात काशाची वाटी असेल तर तळपायाला ती घासा. सासूनं सुनेला, सुनेनं सासूला लावलं तर त्याहून चांगलं. नंतर फरशीवर पाय घसरणार नाही याची काळजी घ्या.

तेलानंतर शेक. नाल्याच्या काठी निरगुडी मिळते. तिची पानं तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकता येतं, किंवा पाण्यात उकळून त्या पाण्यानं शेकता येतं. ज्या मैत्रिणींना साखरेचा आजार आहे त्यांनी सावध राहावं. त्यांच्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे फोड येऊन जखम होते. शेकण्याआधी दुसरीच्या हातानं गरमपणा तपासून घ्या.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सगळ्याच दुखण्यांवर तेल नाही. सांधे सुजलेले आहेत, लाल आणि गरम झाले आहेत, सकाळी बोटं बराच वेळ आखडलेली राहतात, तोंडाला चव नाही, बारीक ताप आहे, अशा दुखण्याला आयुर्वेद आमवात म्हणतो. त्यात तेल चोळू नये, कोरडा शेक द्यावा असं सांगितलं आहे. वाळू गरम करून तिची पुरचुंडी बांधतात ती यासाठीच. पण असे सुजलेले सांधे घरी शेकत बसायचं दुखणं नाही. उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात. वैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. अजीर्ण झालं असेल, ताप असेल तेव्हाही अभ्यंग करू नये.

कामाची पद्धतही थोडी बदलता येते. वेचणीची ओटी गच्च भरेपर्यंत कमरेला ओढत नेण्यापेक्षा अर्धी झाली की रिकामी करा. तासाभरानं एकदा सरळ उभं राहून हात वर ताणा, कंबर मागे न्या. दोन मिनिटं जातात, पण रात्रीची झोप वाचते.

थकवा : चरकाची यादी आणि आपलं ताट

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात औषधांचे ५० गट दिले आहेत, प्रत्येक गटात दहा-दहा वस्तू. त्यातला एक गट थकवा घालवणाऱ्या वस्तूंचा आहे. त्यात काय असेल असं वाटतं? सोनं, भस्म, महागडी मुळी? नाही. त्यात आहेत मनुका, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठी तांदूळ. दहाच्या दहा खायच्या वस्तू! म्हणजे थकलेल्या माणसाला आधी खाऊ घाला, हे आयुर्वेदानं फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे.

यातली बोरं आपल्या धुऱ्यावर आहेत. चारोळी मेळघाटच्या जंगलात आहे. आपल्या वऱ्हाडात आणखीही बरंच आहे. ज्वारीची भाकर आहे, अंबाडीची भाजी आहे, जवसाची चटणी आहे, तीळ आहे, तुरीचं वरण आहे, शेवग्याचा पाला आहे. बाळंतिणीला आपण अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू करतो. मग बाळंतपण झालं की त्या बाईला लाडवाची गरज संपते का? आपल्याकडे घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते बाई खाते. वरणाच्या तळाशी पाणी उरतं, भाजीत रस्सा उरतो. त्यामुळे ताटात काय आहे यापेक्षा आपल्या वाट्याला काय येतं, हा खरा प्रश्न आहे. आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांनी सोबत बसून जेवायचं, एवढं जरी घरात ठरवलं तरी फरक पडतो.

आता रक्ताबद्दल. निस्तेज चेहरा, धाप, थकवा, पायावर सूज, या आजाराला आयुर्वेदात पांडुरोग म्हटलं आहे आणि त्यावर लोह व मंडूर यांचे कल्प सांगितले आहेत. आज आपण त्याला रक्त कमी असणं म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे वीस बायांचा गट असेल तर त्यातल्या दहा-अकरा जणी तशा असू शकतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजायचं. तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते आणि लोहाच्या गोळ्याही फुकट मिळतात. गोळी जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. चहासोबत घेऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवा.

एक आजार आपल्या भागात विसरून चालणार नाही, तो म्हणजे सिकलसेल. मेळघाटातल्या कोरकू-गोंड घरांत आणि विदर्भातल्या इतरही समाजांत तो आहे. आई-वडिलांकडून मुलांत येतो. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, ताप आला की हाडं, पाठ, छाती, पोट असं सगळं असह्य दुखतं, आणि माणूस कायम थकलेला राहतो. या दुखण्याला वर्षानुवर्षं 'वात' म्हणून तेल लावत बसलेली माणसं असतात. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं आहे आणि रक्ताची तपासणी फुकट आहे. घरात कोणाला असं दुखत असेल तर आधी तपासा. सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्याही आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत.

फवारणीच्या दिवसांत वाटलेला थकवाही वेगळा ओळखता आला पाहिजे. औषधाचं पाणी कालवणं, डबे भरून देणं, फवारलेल्या शेतात निंदणं ही कामं बायाच करतात. मळमळ, डोकं दुखणं, खूप घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, अंग थरथरणं असं झालं तर तो थकवा नाही, ती विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्या शेजारीच घडलं. अशा वेळी काढा करत बसायचं नाही. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा.

विसरणं : सगळ्यात आधी झोप

विसरायला लागलं की बाया घाबरतात. 'मले काही झालं तं नाही ना?' असं हळूच विचारतात. गटाची अध्यक्ष, सचिव असलेल्या ताई तर जास्तच घाबरतात, कारण कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, हे ध्यानात ठेवायचं असतं. एकदा चुकलं की संशय येतो, नाव खराब होतं.

आयुर्वेदात शरीराचे तीन आधार सांगितले आहेत. आहार, निद्रा आणि संयम. सुख-दुःख, बळ-दुबळेपणा, इतकंच नाही तर ज्ञान आणि अज्ञानसुद्धा झोपेवर अवलंबून आहे, असं चरक सांगतो. पाच तास झोपून, डोक्यात कर्जाचा हप्ता, पोरीचं लग्न, कपाशीवरची बोंडअळी घेऊन फिरणाऱ्या बाईला किल्ली कुठं ठेवली ते आठवलं नाही, तर तिची बुद्धी कमी झालेली नसते. ती दमलेली असते.

बुद्धी आणि स्मरण यांसाठी चरकानं चार मेध्य रसायनं सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, दुधासोबत ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. शंखपुष्पी पावसाळ्यात आपल्याच धुऱ्यांवर उगवते. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगवेगळ्या वनस्पती विकतात, एक मंडूकपर्णी आणि दुसरी नीरब्राह्मी. ब्राह्मी आणि अश्वगंधा यांवर अलीकडे अभ्यासही झाले आहेत. काहींत झोप, ताण, स्मरण यांत थोडा फायदा दिसला आहे. पण ते अभ्यास लहान आहेत, आणि एका बाटलीत विसरणं संपतं असं कोणत्याही अभ्यासानं म्हटलेलं नाही.

विसरण्यामागे दुसरी कारणंही असतात. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त कमी असणं, वाढलेली साखर, पाळी जाण्याचा काळ आणि मनाची उदासी. बी-१२ कमी असेल तर हातापायाला मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरायला होतं. अगदी शाकाहारी घरांत हे जास्त दिसतं. या सगळ्यांवर उपचार आहेत. म्हणून 'वय झालं' असं म्हणून सोडून देण्याआधी रक्त तपासून घ्या.

म्हातारं माणूस ओळखीच्या वाटेनं घरी यायला विसरलं, घरच्यांची नावं विसरायला लागलं, तर त्याला भोळसट म्हणून हसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि अचानक, एका दिवसात कोणी भांबावलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात पडला, तर तो झटका असू शकतो. तेव्हा तेल-मालीश नाही, सरळ १०८ ला फोन.

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे खरं आहे का?

हे खरं नाही, आणि आयुर्वेदही तसं म्हणत नाही. आपल्याच अंजनगाव सुर्जी भागात पानपिंपळीची शेती होते. ही पिंपळी कितीतरी औषधांत पडते. तरीही पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन वस्तू फार प्रमाणात, फार दिवस घेऊ नयेत, असं चरकानं बजावलं आहे. इतक्या गुणकारी वस्तूलाही मर्यादा असेल, तर बिननावाच्या पुडीचं काय?

पुडी घेतली आणि दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर खूश होण्याऐवजी संशय घ्या. मुळ्या-पाल्यांनी इतक्या झपाट्यानं जुनं दुखणं थांबत नाही. अशा पुड्यांच्या तपासण्यांत अनेकदा स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडली आहे. सुरुवातीला अंग हलकं होतं, भूक लागते, तोंड भरून येतं. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड खराब होतं. पूर्णेच्या दोन्ही काठांच्या आपल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी गावोगाव आधीच ऐकू येतात, त्यात ही भर नको. पण बऱ्याच दिवसांपासून अशी पुडी घेत असाल तर ती एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड एकदम सोडलं तरी धोका असतो.

घरच्या औषधांतही सांभाळा. गरोदर बाईनं अश्वगंधा घेऊ नये. थायरॉइडच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तरी विचारल्याशिवाय नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. दोन्हींतून आपण एकच धडा घ्यायचा. ओळख पक्की नसेल तर वेल तोडू नका, आणि महिनोन्‌महिने काढे पिऊ नका. भस्मं तर वैद्यांच्या सल्ल्याशिवाय नकोच.

औषध घेताना डब्यावर बघा : कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि आत काय काय आहे त्याची यादी. हे नसेल तर घेऊ नका. बिल मागा.

विचारायचं कोणाला?

गावातल्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. आपल्या राज्यात त्यांतले बरेच जण आयुर्वेदाचेच पदवीधर आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना कळतात. अमरावतीला विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे, गुरुकुंज मोझरीला श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालय आहे, अकोल्याला राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय आहे. यांना जोडलेल्या रुग्णालयांत शिकलेले वैद्य भेटतात. वनस्पतींची ओळख करून घ्यायची असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. गटाची सहल तिथं नेता येईल.

गटानं काय करायचं?

एक, पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन, बीपी, साखर तपासण्याचा दिवस ठरवा. आकडा प्रत्येकीनं आपल्या वहीत लिहायचा, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा.

दोन, औषधासाठी कर्ज मागितलं तर द्या, पण कोणत्या औषधासाठी ते प्रेमानं विचारा. बिननावाच्या पुडीसाठी गटाचा पैसा द्यायचा नाही, असा ठराव करा.

तीन, हप्त्याचा हिशोब डोक्यात ठेवू नका. पैसे हातात आले की त्याच क्षणी वहीत लिहा आणि दुसरीची सही घ्या. विसरण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

चार, सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता, अंबाडी, पालक लावा. एकीनं निरगुडी लावली तरी सगळ्या गटाला पुरते.

पाच, हे दिसलं तर वाट पाहू नका : दुखण्यासोबत ताप आणि वजन उतरणं, छातीत दुखून घाम येणं, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं.

मैत्रिणींनो, कापूस वेळेवर वेचला नाही तर भिजतो, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. मग आपल्या अंगाचं दुखणं 'पाहू दिवाळीनंतर' म्हणून का ठेवायचं? या आठवड्यात एवढं तरी करा. रात्री तळपायाला तेल, शेतात पाण्याची बाटली, आणि उपकेंद्रात एकदा रक्ताची तपासणी. काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत विचारा, आम्ही ते प्रश्न वैद्यांपुढे ठेवू.